मृगाची संत्री आणि एक चुकीचा शनिवार

मृगात फुललेल्या बहाराची संत्री हिवाळा सरताना हातगाड्यांवर चढली, की परीक्षा आल्या असे मी समजतो. त्यासाठी मला कॅलेंडर लागत नाही. सकाळचा गारवा अजून अंगणात असतो आणि दहा वाजेपर्यंत ऊन पाठीला बोचू लागते. रजया गच्चीवरचे शेवटचे ऊन खाऊन पेटीत जातात, आणि कूलर धुऊन काढायला अजून महिनाभर अवकाश असतो. या अरुंद फटीत नंदनवन या आमच्या वस्तीतल्या प्रत्येक गच्चीवर कोणी ना कोणी पुस्तक घेऊन फेऱ्या घालत असते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात संत्र्याच्या फोडी. सालीचा तो उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास पाठांतराच्या गुणगुणीत मिसळून गल्लीभर पसरतो, आणि पुस्तकांच्या पानांवर पिवळे डाग पडतात. माझी नात मीना हिच्या नववीच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकात असा एक डाग आहे. ज्या पाठावर तो पडला, त्या पाठावर पेन्सिलीने मोठी फुली मारलेली आहे. फुलीला कारण मी आहे.

यंदा पहिल्या संत्र्यांबरोबर एक पत्र आले. मला नव्हे, वर्तमानपत्रात, वाचकांच्या पत्रव्यवहारात, अगदी तळाशी. लिहिणारा गृहस्थ मला अपरिचित. विषय उत्क्रांती. त्यातले एक वाक्य असे: ‘ज्या घटनेस एकही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, ती सिद्ध मानणे हा न्यायबुद्धीचा उपमर्द होय.’

हे वाक्य मी चेहरा ओळखावा तसे ओळखले. ‘उपमर्द’ हा शब्द आता कोणी वापरत नाही. वाक्य माझे आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ते मी याच वर्तमानपत्रात लिहिले होते, आणि मधल्या काळात ते कोणाकोणाच्या वहीतून, कोणाकोणाच्या भाषणातून फिरत फिरत पुन्हा माझ्या दारात येऊन उभे राहिले. मला संताप आला. संताप माझ्या प्रकृतीला नवा नाही. नवे एवढेच, की या वेळी तो कोणावर करावा हे मला तत्काळ ठरवता येईना.

चाळीस वर्षे मी वकिली केली. निवृत्त झाल्यावर नंदनवनात घर बांधले आणि न्यायालयाऐवजी टपालपेटीकडे जाऊ लागलो. नळाला पाणी नाही, पत्र. रस्त्यावरचा दिवा दिवसा जळतो आणि संध्याकाळी विझतो, पत्र. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत माझ्या फायलीत आहे. हळूहळू वस्तीत एक रीत पडली. माझ्या अर्जाचा मसुदा घरोघर फिरे. प्रत्येक जण तो स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून काढी आणि खाली आपली सही करी. सारखे वीस अर्ज गेल्याखेरीज कार्यालय जागे होत नाही, हा सर्वांचा अनुभव होता. एकदा नाल्याच्या अर्जात मी वॉर्डाचा क्रमांक चुकवला. वीसही अर्जांत तोच चुकीचा क्रमांक गेला. ज्यांना आपला वॉर्ड तोंडपाठ होता त्यांनीही तो मुकाट्याने उतरवला. परिणामी पलीकडच्या वॉर्डातला नाला साफ झाला आणि तिथल्या रहिवाशांनी आमचे आभार मानले. या घटनेवर आम्ही कित्येक दिवस हसलो. तिच्यापासून काही शिकावे, असे मात्र मला सुचले नाही.

उत्क्रांतीचे ते पत्र लिहिले ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. पानावर बसलो होतो. मीना भात कालवता कालवता म्हणाली, “आजोबा, आपण अन् माकडं एकाच घराण्यातले.”

“कोण म्हणतं?”

“धकातेबाई. आम्हाला विज्ञान शिकवतात न, त्या.”

“त्यांनी पाहिलं?”

“काय पाहिलं?”

“हे घडताना पाहिलं का?”

“आजोबा, तुम्ही तर कोर्टासारखं विचारून राहिले,” ती म्हणाली, आणि माझा मुलगा ताटात तोंड घालून हसला.

त्या हसण्यामुळे मी पान अर्धे टाकून उठलो आणि पत्र लिहिले, हे आता कबूल करण्यात कमीपणा नाही. संपादकांना एक, शाळेला त्याचीच प्रत. ‘शनिवारी नववी ब या वर्गात’ असा वार आणि तुकडीचा उल्लेख करून मी तीन आक्षेप मांडले. एक, साक्षीदार नाही. दोन, साखळीतल्या मधल्या कड्या गहाळ आहेत. तीन, माकडापासून माणूस झाला असेल तर माकडे अजून माकडेच का. भाषा कडक होती. मजकूर वस्तीत वाचला गेला, वाखाणला गेला, आणि रीतीप्रमाणे घरोघर फिरला.

पंधरवड्याने शाळेच्या संस्थेचे चिटणीस स्वतः माझ्याकडे आले. फार प्रसन्न होते. हातात नोटिशीची प्रत होती. “साहेब, तुमच्या पत्रावर कारवाई केली.” धकातेबाईंना ‘कारणे दाखवा’ अशी नोटीस दिली होती. त्यांची उमेदवारीची दोन वर्षे त्याच एप्रिलमध्ये संपत होती. त्यानंतर एक तर त्या कायम होणार होत्या, नाही तर घरी जाणार होत्या. आरोप सिद्ध मानला तर दुसरे घडणार हे उघड होते. शिवाय तो पाठ वगळण्यात आला होता. मुलींनी पुस्तकात फुल्या मारल्या होत्या.

मी विचारले, “सुनावणी कधी?”

“कशाची?”

“बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं की नाही?”

“छोडा न साहेब. एक नाही, तीन पालकांनी लिहून दिलं आहे. तीन!” त्यांनी तीन बोटे माझ्या नाकासमोर धरली.

प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता कोणालाही दोषी धरू नये, हे तत्त्व मी आयुष्यभर न्यायासनांपुढे ओरडून मांडले होते, आणि इथे माझेच पत्र ते तत्त्व मोडण्यासाठी वापरले जात होते. चिटणीसांना मी दारापर्यंत पोचवायलाही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा करून तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत, बाईंच्या घरी गेलो. बाईंना दोन गोष्टी सांगायच्या होत्या: त्यांच्यावर झालेली कारवाई बेकायदा आहे, आणि तरीही त्यांचा सिद्धान्त अप्रमाणित आहे.

तांडापेठेत तेव्हा निम्मे माग बंद पडले होते. विणकरांची मुले कुठे गिरणीत, कुठे कारकुनीत, कुठे खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागली होती. चालू असलेल्या मागांची खटखट मात्र एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत जात होती, आणि त्या आवाजात रस्ता विचारणे कठीण होते. धकात्यांच्या घरी बाईंचे वडील मागाशी बसले होते. ते विणत नव्हते. संपलेल्या ताण्याची उरलेली टोके मागात तशीच होती, आणि ते नव्या ताण्याचा एकेक धागा त्या प्रत्येक टोकाला पीळ देऊन जोडत होते. शेकडो धागे. बोटे पाहण्यासारखी चालत होती.

“बसा जी साहेब. हात सोडता येत नाई, सांधणी करून राहिलो,” ते म्हणाले, आणि आत वळून, “कुसुम, वकीलसाहेब आले वं. तेच, पत्रवाले.”

‘तेच, पत्रवाले’ हे मी ऐकले न ऐकलेसे केले. काही बोलायचे म्हणून विचारले, “जुना ताणा काढून टाकून सगळा नव्यानं का लावत नाही?”

“काहून लावाचा? जुन्याच्या शेपटाले नवा बांधला का झालं. माह्या आज्यापासून हा माग कदी रिकामा झाला नाई.”

“मग जुन्यात एखादी चूक असली तर?”

“ते बी येते मंग मागून.” त्यांनी शेजारी घडी घातलेल्या लुगड्याचा काठ उचलून दाखवला. नक्षीत एक धागा ठरावीक अंतराने चुकीच्या बाजूने वर येत होता. दाखवल्याशिवाय दिसला नसता. “हे आज्याच्या हातची. चालते.”

“दुरुस्त का करत नाही?”

“त्याच्यासाठी सारा माग सोडा लागते जी. तवरिक घरचे काय वारा खातीन?”

कुसुम धकाते बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात नोटीस होती आणि दुसऱ्या हातात बशीत सोललेले संत्रे. वय सव्वीस-सत्तावीस. चष्मा. रागाने बोलतील अशी माझी अपेक्षा होती आणि त्या रागाला उत्तर मी रिक्षातच तयार केले होते. ते वाया गेले.

मी कायद्याची बाजू सांगितली. त्यांनी वहीत टिपून घेतली. मग मी म्हणालो, “आता मूळ प्रश्न. साक्षीदार कोण?”

“साहेब, आधी तुमची तक्रार बघू.” त्यांनी नोटिशीला जोडलेल्या तीन पत्रांच्या नकला सतरंजीवर ओळीने मांडल्या. “नोटिशीत लिहिलं आहे, तीन तक्रारी. मला एकच दिसते.”

“कशी?”

“तुम्ही लिहिलंत, शनिवारी, नववी ब. शनिवारी दहावीच्या परीक्षेसाठी बाकं मांडायची होती, नववीला सुट्टी. तो पाठ मी गुरुवारी शिकवला, नववी क ला. मीना क मध्येच आहे न? ब चा वर्ग माझ्याकडे नाहीच. या दुसऱ्या पत्रात बघा. शनिवार, ब. तिसऱ्यात? शनिवार, ब.”

मी तिन्ही पत्रे उचलून पाहिली. मीनाने मला ती गोष्ट शनिवारी सांगितली होती. शनिवार तिथून आला होता. ब कुठून आला, देव जाणे. साक्षीदाराला पहिला प्रश्न तारखेचा विचारायचा, हे मी कित्येक कनिष्ठ वकिलांना शिकवले होते. घरच्या साक्षीदाराला तो विचारला नव्हता.

“खरं असतं ते तिघं वेगवेगळे राहूनही सारखंच सांगू शकतात,” बाई म्हणाल्या. “खरं एकच असते, म्हणून. पण तिघांनी आपापल्या मनानं एकच चूक करायची? अन् एक नाही, दोन? साहेब, ही दोन पत्रं तुमच्या पत्रावरून उतरलेली आहेत. मी उतरवताना कोणाला पाहिलं नाही. पाहायची गरज आहे का?”

गरज नव्हती. एका मृत्युपत्राचा निकाल मी स्वतः अशाच पुराव्यावर फिरवला होता: दोन ‘स्वतंत्र’ कागदांत शेताची एकच चतुःसीमा एकाच प्रकारे चुकलेली. त्या दिवशी न्यायाधीशांनी मला शाबासकी दिली होती.

“हे घ्या,” म्हणून त्यांनी बशी पुढे सरकवली. “संत्रं आपल्याला काहून लागते? नाही मिळालं महिनोन्महिने, काही आंबट-हिरवं मिळालं नाही, तर हिरड्यांतून रक्त येते. आमच्या शेळीला येत नाही. कुत्र्याला, गाईला येत नाही. ते जीवनसत्त्व त्यांचं शरीर स्वतः तयार करते. आपल्या शरीरात त्याच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या शाबूत आहेत. फक्त शेवटची मोडलेली आहे. वानरांतही मोडलेली आहे, तीच. डोळे-हात सारखे आहेत ते सोडा. गरज सारखी म्हणून सारखे झाले, असं तुम्ही म्हणाल. पण मोडलेली पायरी कोणाच्या गरजेची?”

मी फोड हातात धरून बसलो होतो. बाई थांबल्या नाहीत. “उलटतपासणीत विचाराल म्हणून मीच सांगते. गिनीपिगातही तीच पायरी मोडलेली आहे, अन् तो काही आपला जवळचा नाही. एक चूक दोनदा होऊ शकते. म्हणून एका चुकीवर निकाल द्यायचा नाही. शनिवार एकटा असता तर मीही तीन तक्रारी मानल्या असत्या.”

स्वतःच्या बाजूचे अडचणीचे सत्य न विचारता सांगणारा साक्षीदार वकिलाच्या आयुष्यात क्वचित येतो. अशा साक्षीदारापुढे वकिलाने खाली बसावे. मी आधीच सतरंजीवर बसलेला होतो. तरीही सवयीने तिसरा आक्षेप काढला: माकडे अजून माकडेच का?

“तुमचे चुलत भाऊ आहेत, साहेब?”

“आहेत. भंडाऱ्याला.”

“ते अजून जिवंत आहेत म्हणून तुमचे आजोबा झालेच नाहीत, असं कोणी म्हणालं तर?”

मागाच्या बाजूने खसखस ऐकू आली. बाईंच्या वडिलांचे कान हातांइतकेच चांगले चालत होते.

शेवटी त्यांनी फडताळातून एक दगड आणला. त्यांच्या भावाला तो खापरखेड्याच्या बाजूला कोळशाच्या पट्ट्यात मिळाला होता. करड्या दगडावर जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा, मधली शीर स्पष्ट. “असे ठसे या थरात पुष्कळ आहेत. पण याच्यात फूल कधी मिळालं नाही, फळ मिळालं नाही. वरच्या, नंतरच्या थरांत मिळते. छिंदवाड्याकडे ताडाच्या फळांचे दगड झालेले आहेत. कड्या गहाळ आहेत, कबूल. गहाळ राहणारच, चिखलानं सगळ्यांची नोंद ठेवली नाही. पण ज्या नोंदी आहेत त्या उलट्या क्रमानं कधी नाहीत. या खालच्या थरात तुम्ही मला एक फूल आणून दाखवा, मी नोटिशीला उत्तर न देता राजीनामा देते.”

आपला पक्ष कशाने हरेल हे आधीच लिहून देणारा पक्षकार मी पाहिलेला नव्हता. माझ्या तिन्ही आक्षेपांत मी असे काही लिहून दिले होते का, हे मी परतीच्या वाटेवर तपासले. दिलेले नव्हते.

त्या आठवड्यात मी चार पत्रे लिहिली. संस्थेला लिहिले, की तक्रार एकच आहे, ती माझी आहे, तिच्यातील वार व तुकडी असत्य आहे आणि ती मी मागे घेतो. सुनावणी मागितली. सुनावणी झाली, परीक्षेच्या दिवसांत, शाळेच्या रिकाम्या प्रयोगशाळेत, बाहेर व्हरांड्यात संत्र्याच्या सालींचा वास येत असताना. मी साक्ष दिली. उरलेल्या दोघा पालकांनी आपण मजकूर उतरवला हे मान्य केले, एक म्हणाले, “साहेबांनी लिहिलं म्हणजे बरोबरच असंन, म्हणून लिहिलं.” या वाक्याने मला जेवढे खाली पाहायला लावले, तेवढे कोणत्याही प्रतिपक्षाच्या वकिलाने लावले नाही.

निकाल संस्थेला शोभेल असा लागला. धकातेबाई कायम झाल्या. फक्त जूनपासून त्यांच्याकडचे विज्ञान काढून घेण्यात आले आणि शिवणकाम देण्यात आले. “विणकराची पोरगी आहे, जमते तिला,” असे चिटणीस मला समजावून म्हणाले. या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याजोगा नियम मी बराच काळ शोधला. विषय कोणाला द्यावा हा संस्थेचा अधिकार होता. संपादकांना पाठवलेले माझे माघारीचे पत्र छापून आले नाही. आक्षेपाचे छापले गेले होते, आणि तेवढेच जगात राहिले.

कुसुमबाईंना मी त्यानंतर एकदाच पाहिले, शाळेच्या फाटकातून, हातात रिळांचा डबा घेऊन जाताना. त्यांनी नमस्कार केला. मी केला. मला काही बोलायचे होते. समोरून मुलींचा घोळका आला.

परवा मीना आली होती. आता ती खापरखेड्याच्या वसाहतीत राहते, तिचीच मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली आहे. मी तिच्यापुढे ते वर्तमानपत्र टाकले आणि म्हणालो, “हे वाक्य माझं आहे.” तिने वाचले आणि ती हसू लागली. मग आतल्या खोलीत गेली, तिची जुनी पेटी उघडली आणि एक रुमाल घेऊन आली. कडेने साखळी टाक्याची वेल.

“दहावीतला शिवणाचा,” ती म्हणाली. “बाईंनी स्वतः एक रुमाल काढला अन् पहिल्या मुलीला दिला. तिनं बघून काढला, दुसरीला दिला. कधी एकीचा दोघींकडे जायचा. असं करत सगळ्या वर्गानं काढला. मग परीक्षेच्या आधी बाईंनी सगळे रुमाल एकत्र मिसळले. म्हणाल्या, आता कोणाचा कोणावरून काढला ते लावा. कोणाला विचारायचं नाही, आठवायचं नाही. फक्त टाके बघायचे.”

“लावलंत?”

“तासाभरात. हे बघा, सातवा टाका उलटा आहे. हा बाईंचा, मुद्दाम केलेला. तो सगळ्यांत होता. हे पान वाकडं, ते माझ्या आधीच्या मुलीचं. अन् ही गाठ माझी. माझ्यावरून जिनं काढला तिच्यात पण आली. एकीचा रुमाल हरवला होता न, तर तिची जागासुद्धा आम्ही रिकामी सोडली बरोबर. बाई म्हणाल्या, शाबास. झाडासारखं दिसत होतं सगळं, आजोबा. फळ्यावर काढलं होतं आम्ही.”

“त्या काही म्हणाल्या नाहीत? माकडाबद्दल वगैरे?”

“शिवणाच्या तासाला माकड काहून येईल?” मीना म्हणाली. “पण आम्हा सगळ्यांना कळलं होतं. दर वर्षी करून घेत होत्या.”

मी चष्मा पुसून सातवा टाका शोधला. होता. दर वर्षी, परीक्षेच्या हंगामात, एका वर्गातल्या साऱ्या मुली साक्षीदाराशिवाय वंश लावत होत्या, आणि माझ्या वस्तीत त्याविरुद्ध मसुदा मागायला कोणीही आले नव्हते.

वर्तमानपत्राला उत्तर मी लिहिणार आहेच. ते माझ्या वाक्याच्या वंशजाला द्यावेच लागेल. पण त्याआधी आज सकाळी गच्चीवर, गुणगुणणाऱ्या पोरांच्या आणि सालींच्या वासाच्या मधोमध बसून, मी दुसरे एक पत्र लिहिले. ते तांडापेठेच्या पत्त्यावर आहे. सगळ्या पत्रव्यवहारात एकच पत्र माझे लिहायचे राहून गेले होते: ज्यांच्यावर आरोप केला त्यांना. क्षमेचा मजकूर दोन ओळींचा आहे. त्याची कार्बन प्रत ठेवलेली नाही. वर, जिथे मी प्रकरणाचा विषय लिहितो, तिथे या वेळी मीनाला विचारून, तिच्याकडून दोनदा खात्री करून घेऊन लिहिले आहे: गुरुवार, नववी क.